काचेवरचे जागले

"प्लेटलेट बनवणं एवढंच या पेशींचं काम नाही, मावशी!" डॉ. गौरांग रंगात आले होते. "हाडाच्या मगजात त्या प्लेटलेट बनवतात. पण फुफ्फुसातल्या असतात ना, त्या श्वासातून आलेला जंतू धरतात आणि बाकीच्या पेशींना दाखवतात. प्लीहेतल्या तर जंतूंशी थेट भिडतात. पेशी तीच, पण जागा बदलली की काम बदललं!"

उद्या अकोल्यात डॉक्टरांपुढे हेच भाषण होतं. अमरावतीच्या लॅबमध्ये आज त्याची तालीम चालली होती आणि श्रोता एकच, अंजनगावच्या दुर्गाबाई. त्यांच्या नवऱ्याच्या, चंद्रभानच्या, हिरड्यांतून आठ दिवस रक्त येत होतं. परवा कमरेच्या हाडातून मगज काढून तपासायला दिला होता. रिपोर्टचं पाकीट त्यांच्या हातात होतं. प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी 'पुरेशा' आहेत, असं लॅबमधल्या संध्यानं वाचूनही दाखवलं होतं.

"म्हंजे जागलेच म्हना की," दुर्गाबाई म्हणाल्या. "पिकाले जनावर लागू नाई म्हनून रातभर वावरात बसतेत, तसे."

"वा! अगदी तसेच!" डॉक्टरांनी ते लगेच भाषणाच्या कागदावर टिपून घेतलं.

"मंग आमच्या मालकायच्या हाडातले दाखवा ना मले. एकडाव पायतो."

असं आजवर कोणी मागितलं नव्हतं. डॉक्टरांनी खुशीत चंद्रभानच्या मगजाची काच काढली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली. मगजातली सगळ्यांत ढब्बू पेशी ही. ती दिसली नाही म्हणून त्यांनी कितीतरी पोरांना वर्गात झापलं होतं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. मग दुसरी काच. तिसरी. चौथी.

एकही नव्हती.

डॉक्टरांना सकाळची सही आठवली. संध्या जुन्याच रिपोर्टवर नाव आणि वय बदलून मजकूर तयार ठेवायची, डॉक्टर काच बघून दुरुस्त करायचे आणि मग सही. रीत अशी होती. पण या आठवड्यात भाषण डोक्यात होतं. सकाळी त्यांनी गठ्ठ्यावर भराभर सह्या ठोकल्या होत्या, एकाही काचेला डोळा न लावता. आणि 'पुरेशा' या एका शब्दावर सगळं अडलेलं! पेशी असतील तर प्लेटलेट बाहेर कुठंतरी मोडताहेत, गोळ्या घ्या आणि घरी जा. नसतील तर बनणंच थांबलंय, आजार निराळा, उपचार निराळे. गोळ्या आज संध्याकाळपासून सुरू होणार होत्या.

"दिसले काय, डाक्टरसाहेब?"

"बघा ना तुम्हीच," ते बोलून गेले.

दुर्गाबाईंनी पदर खोचला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ वाकून पाहिलं. काचेवर निळे ठिपके होते आणि चरबीची रिकामी भोकं.

"हाव," त्या म्हणाल्या. "दिसले. बसले हायेत बाप्पा जागलीले." त्यांनी डोळे पुसले आणि मायक्रोस्कोपला हात जोडले.

डॉक्टरांना मान वर करवेना. गुपचूप दुसरा रिपोर्ट करावा, चंद्रभानवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून टायपिंगची चूक म्हणावं, या बाईला काय कळतंय, असंही मनात येऊन गेलं. मग तर त्यांना स्वतःची जास्तच लाज वाटली.

"मावशी, ते पाकीट परत द्या," ते म्हणाले. "मी काच न बघता सही केली. रिपोर्ट चुकीचा आहे. तुमच्या यजमानांच्या हाडात मला एकही जागल्या सापडला नाही."

दुर्गाबाईंनी पाकीट छातीशी घट्ट धरलं.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "तुमी लिहून देलं, म्हनून तं मले दिसले."