ज्याची त्याची वाटी

स्वरदानं पर्समधून छोटा वजनकाटा काढून भट्टीवाल्या बद्रीनाथच्या ओट्यावर ठेवला, तेव्हा भानुमतीबाईंना आधी अभिमान वाटला आणि मग उगाचच धाकधूक झाली. भाची पुण्याहून आली होती. बेकिंगचा कोर्स करत होती आणि शहराबाहेरच्या बेकऱ्या बघायच्या म्हणून तीन दिवस मावशीला रिक्षातून हिंडवत होती. बायपासला दोन बेकऱ्यांत तिनं पाव हुंगला, दाबून पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं. आज पडेगाव. इथं मावशीचंही काम होतं. दिवाळीची नानकटाई भाजून न्यायची होती.

बद्रीनाथच्या भट्टीची रीत साधी. तूप, मैदा, पिठीसाखर घरून आणायची आणि मापायला वाटीही घरचीच. किती वाट्या काय ते सांगून बाकावर बसायचं. मळणं, वळणं, भाजणं त्याच्याकडं.

"मग तुमची रेसिपी कोणती?" स्वरदानं विचारलं.

"आमची कशाची आलीय, ताई? ज्याची वाटी, त्याची नानकटाई."

स्वरदानं बाकावरच्या तिन्ही घरांची मापं भरून काट्यावर तोलली, कुणाच्या किती वाट्या तेही विचारलं. मावशीची पितळी वाटी एका बाजूनं चेपलेली. बाकावर शेजारी बसलेल्या निशाची स्टीलची, सगळ्यात लहान. पलीकडच्या म्हाताऱ्या सारजाबाईंनी तर चक्क पेला आणला होता. कशाचा कशाला मेळ नव्हता.

"मावशी, तुझ्यात तूप कमी पडतं. या आजींच्यात फारच होतं. मी तिन्ही वजनावर करून देऊ? बघ, काका या वेळी नक्की चांगली म्हणतील."

इथंच भानुमतीबाई पाघळल्या. चौतीस वर्षं व्यंकटराव त्यांची नानकटाई खात आले होते. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, पेपरमधून डोकं वर न काढता. चांगली झालीय, एवढे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी निघाले नव्हते. फारच खनपटीला बसलं तर म्हणायचे, "खातोय ना." बाईंना ते फार लागायचं. शाळेत त्यांनी जन्मभर पोरांना शाबासकी वाटली. घरी एखादी मिळाली असती तर काय बिघडलं असतं?

"कर," त्या म्हणाल्या.

मास्तरीणबाई तयार झाल्या म्हटल्यावर निशाही हो म्हणाली. सारजाबाईंनी जरा आढेवेढे घेतले. "पिशोरहून लेकीनं म्हशीचं तूप धाडलंय. वाया नको जाऊ देऊ, माय." मग त्याही राजी झाल्या. शिकलेली पोर आपल्या हातानं करून देतेय, तिला नाही कसं म्हणायचं?

स्वरदानं बाह्या वर सारल्या. जिचं तिचं तूप वेगळं फेटलं, सगळं ग्रॅमवर घेतलं, तिन्हींत सारखी वेलची घातली. गोळेसुद्धा एकेक तोलून वळले. बद्रीनाथ बघत राहिला. त्यानं नुसते ते तीन ट्रे भट्टीत सारले.

वीस मिनिटांनी तीन ट्रे बाहेर आले. नानकटाई अशी देखणी की बाकावरच्या तिघीही उठून उभ्या राहिल्या. सोनेरी, एका मापाची, वर नाजूक चिरा. बद्रीनाथनं सवयीनं पहिला ट्रे उचलला, कुणाला तरी द्यायला वळला आणि थांबला. ट्रे परत ठेवला. दुसरा बघितला, तिसरा बघितला.

"कोणची कुणाची?" त्यानंच विचारलं.

"तुम्ही नावं नाही लावली?" स्वरदा म्हणाली.

"नावं कशाला लागतेत, ताई? भाजली की दिसतंच. पसरली ती सारजाबाईची. बारकी ती निशाताईची. दगडावाणी टणक ती बाईंची."

भानुमतीबाई चपापल्या. आपली नानकटाई हजारांत ओळखू येते, असं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. कशावरून, ते त्यांना आज कळलं.

मग चव घेऊन झाली. सारजाबाईंनी तिन्ही ट्रेमधली एकेक खाल्ली, वासही घेतला. म्हशीचं तूप वेलचीत कुठं बुडालं ते कळेना. निशा म्हणाली डावीकडचा माझा असेल, मग म्हणाली मधला. बाईंनी मधली खाल्ली, उजवीकडची खाल्ली, पुन्हा मधली खाल्ली. सगळ्या उत्तम होत्या. त्यांच्या हातून अशी कधी झाली नव्हती, आणि यात आपलं काय आहे ते काही त्यांना सापडेना.

"एकेक उचला की," बद्रीनाथ म्हणाला. "समद्या सारख्याच हायत."

"सारख्या हायत म्हणून तर उचलता येईना," सारजाबाई म्हणाल्या.

स्वरदाचा चेहरा उतरला. आपलं चुकलं कुठं, हे ती मनातल्या मनात ग्रॅमनं शोधत होती. शेवटी मागून गिऱ्हाईक आलं, ओटा मोकळा करणं भाग पडलं आणि जिच्या हाताशी जो ट्रे होता तो तिनं डब्यात ओतला.

संध्याकाळी भानुमतीबाईंनी चहाबरोबर बशीत दोन नानकटाया ठेवल्या आणि काही काम नसताना तिथंच उभ्या राहिल्या. दारात स्वरदा. व्यंकटरावांनी पेपरमागून हात पुढं केला, एक तुकडा मोडला, तोंडात टाकला. पेपर खाली आला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"वा," ते म्हणाले. "छान झालीय."

बाईंनी दारातल्या स्वरदाकडं पाहिलं.

"कुणाकडची गं?"

खरं उत्तर बाईंनाही ठाऊक नव्हतं. व्यंकटरावांनी उरलेली नानकटाई कौतुकानं संपवली, बशी बाजूला सारली आणि पेपर पुन्हा वर घेतला.

"आता आपली दे," ते म्हणाले.