मुंग्यांचं आंबट

"आणखी कस, मंदे. नाहीतर मंग म्हणशील, गिरजानं फटीतून पाहिलं."

मंदाबाईनं दुपट्ट्याची गाठ आणखी कसली. गिरजाबाईच्या डोळ्यांपुढं अंधार झाला. तुमसरच्या बचत गटांच्या मेळाव्यातली सगळी गर्दी आपल्या दुकानापुढं जमली आहे, हे तिला नुसत्या गलक्यावरून कळलं.

भांडण लहानसंच होतं. आंबागडच्या गिरजाबाईची लाल मुंग्यांची चटणी सकाळपासून हातोहात जात होती आणि शेजारी मंदाबाईच्या लोणच्यावर माशा बसत होत्या. शेवटी मंदाबाईला राहवलं नाही. "मुंग्या कायच्या, बाप्पा! चिंच कोळून घातली असन. वाटल्यावर कोनाले कळते?" त्यावर गप्प बसली तर ती गिरजाबाई कसली? "मले कळते. डोळे बांध अन् चाखव."

मंदाबाईनं तिथंच पाटा मांडून तीन चटण्या वाटल्या. मिरची तीच, लसूण तोच, मीठ तेवढंच. आंबट तेवढं वेगळं. एकीत चिंच, एकीत कैरी आणि एकीत गिरजाबाईच्याच द्रोणातल्या मुंग्या.

दिवाळीच्या तापात गिरजाबाईच्या जिभेची चव गेली होती. धार मात्र गेली नव्हती, आणि आज त्या धारेनंच घात केला. चव गेल्याचं तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. चव गेलेल्या बाईच्या हाती चूल कोण ठेवतं? तिला ओसरीवर बसवतात, आयता चहा देतात आणि म्हणतात, आता आराम करा. त्यापेक्षा मरण बरं. म्हणून ती हाताच्या अंदाजानं रांधत होती आणि घर मुकाट्यानं जेवत होतं. रोज सकाळी परसातल्या आंब्याखाली जाऊन ती खोडावरची एक जिवंत मुंगी जिभेवर ठेवी. मुंगी डसली ते कळे. आंबट कळत नसे.

आणि त्या आंबटाला काय तोड होती! चिंचेचं आंबट जिभेवर बसून राहतं. कैरीचं दातांत शिरतं. मुंगीचं आंबट कुठं थांबतच नाही. सरळ नाकात चढतं आणि डोळ्यांतून पाणी होऊन उतरतं. मग मागून सावकाश येतो मुंग्यांच्या अंड्यांचा लोण्यासारखा गोडवा. हे सगळं गिरजाबाईला पाठ होतं. पण पाठ असून काय उपयोग?

"भरवन कोन?" गर्दीतून कोणी विचारलं.

"तिचीच सून भरवन," मंदाबाई म्हणाली, आणि लोक हसले. सकाळी दुकान मांडताना गिरजाबाईनं रिताला भर मैदानात झापलं होतं. "नऊ वर्सं झाली घरात येऊन, अजून तुझ्या हाताले चव नाही आली!" ते सगळ्यांनी ऐकलं होतं. असली बोलणी खाणारी सून सासूला कायले वाचवते, असं मंदाबाईनं धरलं, आणि कोणीही तसंच धरलं असतं.

रितानं डाव्या हातानं सासूची हनुवटी धरली. पहिला घास. तिखट झोंबलं, बाकी सगळी माती. गिरजाबाईनं ऐटीत मान हलवली. "आण दुसरी."

दुसरा घास. तसंच तिखट, तशीच माती. आणि हनुवटीखाली कचकन चिमटा बसला.

गिरजाबाईच्या अंगाचा भडका उडाला. भर बाजारात सासूवर सूड! 'घरी चाल, सांगतो तुले,' हे शब्द ओठांपर्यंत आले होते, तेवढ्यात तिसरा घास तोंडात आला. हनुवटीवरचा हात आता कापसासारखा हलका होता.

गिरजाबाई गिळायची थांबली. मग तिनं तो घास सावकाश गिळला, पदरानं ओठ टिपले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पहिली न् तिसरी मंदाच्या पाव्हण्यायले वाढा. दुसरी माझी. अन् मंदे, अंडी कमी घातली तू तिच्यात. कंजूस कुठची!"

एकच हशा पिकला. मंदाबाईनं दुपट्टा सोडला, स्वतः दुसऱ्या वाटीत बोट घातलं, डोळे पुसले आणि दोन द्रोण चटणी विकत घेऊन आपल्या लोणच्याकडं गेली.

गर्दी पांगल्यावर गिरजाबाईनं दुकानामागं रिताला गाठलं. "चिमटा कायले घेतला?"

रिता वाट्या विसळत होती. "मंग का करू? आवाज देऊ? मंदाबाईचे कान बांधले नव्हते."

"पण मले कळत नाही, हे तुले कोनं सांगितलं?"

"कोनं सांगाले पायजे, मामी? दिवाळीपासून तुमच्या भाजीच्या गंजात मीठ मीच पाहून राहिली. तुम्ही अंगणात गेल्या का चाखतो. कमी असलं तं टाकतो, जास्त असलं तं कणकेचा गोळा सोडतो."

"घरात...?"

"कोनाले मालूम नाही."

"अन् आजची चटणी?"

"मिरची दोनदा पडली होती. मुंग्या वाढवल्या मी."

गिरजाबाईनं पदर खोचला. चटणीचं पातेलं उचललं आणि रितापुढं ठेवलं, चमच्यासकट.

"तरीच," ती म्हणाली. "परवाच्या वरणात मीठ जास्त झालतं."