बॉनेटवरची टकटक

बाबा गेले आणि त्यांचा जुना ट्रक मागे राहिला. इंजिन नव्यानं बांधून झालं, तरी तो सुरू होईना. "आज चालू झाला तर ठेव, नाहीतर उद्या भंगारात," भावानं फोनवर निक्षून सांगितलं होतं.

ती केबिनमध्ये एकटीच बसली होती. उघडलेल्या बॉनेटमुळे समोरचं काही दिसत नव्हतं. पलीकडून मिस्त्री ओरडला, "ताई, डिझेलच्या लायनीत हवा धरलीय. मी सांगितल्याशिवाय चावीला हात लावू नका, बॅटरी जीव सोडेल!"

लहानपणी बाबा असेच बॉनेटखाली राबायचे आणि ती इथेच बसायची. आवाज पोचायचा नाही, म्हणून ते पत्र्यावर ठोकायचे. दोनदा ठोकलं की चावी फिरव. तीनदा ठोकलं की खाली उतर, इकडे ये.

बराच वेळ सामसूम होती. मग पत्र्यावर दोनदा टकटक झाली.

तिनं सवयीनं चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडलं. पायाखाली तीच जुनी थरथर आली आणि तिचे डोळे भरून आले.

"मिस्त्री, जिंकलात हो! पण ही खूण तुम्हाला कुणी सांगितली?"

मिस्त्री अंगणाच्या मागच्या फाटकातून धापा टाकत खिडकीशी आला.

"कसली खूण? मी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे फुटका पाइप झाळून आणायला गेलो होतो." त्यानं हात वर केला. "डिझेलचा पाइप तर हा माझ्याकडे आहे. इंजिन चालेलच कसं?"

इंजिन संथ लयीत चालूच होतं. उभ्या बॉनेटपलीकडून टकटक झाली. एकदा, दोनदा, आणि जरा थांबून तिसऱ्यांदा.

"ताई, उतरू नका," मिस्त्री पुटपुटला.

तिचा हात आधीच दाराच्या कडीवर होता.