काळ्या पट्टीखालचा दिवा

सर्व्हरवाल्या ताईंनी दुसऱ्या डिस्कच्या खणावरची काळी चिकटपट्टी ओढली, तर खाली पिवळा दिवा लुकलुकत होता.

"ही पट्टी कोणी लावली?"

"मीच," थोरला म्हणाला. "कधीपासनं डोळ्यांत खुपत होता लेकाचा. त्याआधी पिप-पिप करून डोकं उठवलं होतं, तेही बंद करून टाकलं."

"घरात धूर झाला तर तुम्ही नाक दाबून बसत असाल," ताई म्हणाल्या आणि स्क्रीनकडे वळल्या.

धाकटा खिडकीशी आपली पुस्तकं खोक्यात भरत होता. तो हसला नाही.

भाऊभाऊ वेगळे होत होते, पण भांडून नव्हे. तीस वर्षं दोघांचा मिळून छपाईसाठी अक्षरं रेखाटण्याचा धंदा होता. आता धाकट्याला एका कला महाविद्यालयाने शिकवायला बोलावलं होतं. उद्या सकाळी तो निघणार. सर्व्हरमध्ये दोन डिस्क. एकीवर जे उमटेल ते त्याच क्षणी दुसरीवर, आरशासारखं. तो आरसा तोडायचा आणि दोघांनी एकेक डिस्क घ्यायची, असं थोरल्याने ठरवलं होतं. "मला काही नको, दादा. दोन्ही तूच ठेव," असं धाकटा चारदा म्हणाला होता. त्याचा हा मोठेपणा पाहून थोरला आणखीच ओशाळला.

कारण चार वर्षांपासून त्याच्या मनात एक गोष्ट डाचत होती.

धाकटा पाच वर्षं दार लावून एक अक्षरमाला रेखाटत होता. कोणाला दाखवायचा नाही. "पूर्ण झाल्याशिवाय नाही," म्हणायचा. लोकांचं एक बरं असतं, न पाहिलेल्या गोष्टीला माना डोलवून त्यांची मान दुखत नाही. त्या अक्षरांचं नाव गावभर झालं. एके दिवशी चार माणसांत चहा पिताना धाकटा गमतीत म्हणाला, "दादाची अक्षरं औषधाच्या खोक्यावर शोभून दिसतात हं." सगळे हसले. थोरलाही हसला.

दुपारी धाकटा बाहेर पडला, तसा थोरल्याने तो अख्खा फोल्डर पुसून टाकला. उघडून पाहिलासुद्धा नाही; पाहिला असता तर हात चालला नसता. दुसऱ्या डिस्कवर प्रत आहेच, दोन दिवस याची जरा तंतरू दे, मग देऊ परत, एवढाच त्याचा बेत.

प्रत शोधायला गेला, तर ती कुठेच दिसेना. आरशाने इमानेइतबारे तिकडचंही पुसलं असणार.

धाकट्याने आरडाओरडा केला नाही. कोणाला बोलावून शोधायलाही लावलं नाही. "जाऊ दे दादा, यंत्रच ते," म्हणाला, आणि त्या रात्री गाढ झोपला. तेव्हापासून त्याने पेन्सिल धरली नाही. थोरल्याने त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं, पाटीवर त्याचं नाव आधी घातलं, त्याच्या वाटणीची कामं स्वतः रेखाटून त्याच्या नावावर पाठवली. हरवलेल्या अक्षरांवर मात्र धाकटा भाषणं फार सुंदर करायचा. बायका डोळ्यांना पदर लावत. महाविद्यालयाने ती भाषणं ऐकूनच त्याला बोलावलं होतं.

"अहो, तोडायचं काय राहिलंय?" ताई म्हणाल्या. "ही दुसरी चार वर्षांपूर्वीच आरशातून बाहेर पडलीय. खण नीट बसला नव्हता. डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या नोंदीत तारीख आहे, बघा."

थोरल्याने तारीख वाचली. पुन्हा वाचली. त्या दुपारच्या दोन दिवस आधीची.

"म्हणजे त्यानंतर जे काही पुसलं गेलं..."

"ते हिच्यावर जसंच्या तसं असणार. डिस्क ठणठणीत आहे. तुम्हीच तिला विसरलात."

धाकट्याच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. "ताई, ती जुनी आता कशाला? फोडून टाका."

"छोट्या, बस इथे," थोरला म्हणाला. "यंत्राने नाही खाल्ली तुझी अक्षरं. मी पुसली. या हातांनी."

"तू?"

"मी. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. तोंड उघडत नव्हतं. तुला काय शिव्या घालायच्या त्या घाल, पण आधी तुझं तुला परत घे."

धाकटा घाईघाईने म्हणाला, "अरे, मी माफ केलं तुला. आत्ताच केलं. चल, चहा घेऊ."

"चहा कसला घेतोस! चार वर्षं घशाखाली घास उतरला नाही माझ्या."

ताईंनी कार्डाला सांगून डिस्क मोकळी केली, खणातून ओढली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. धाकट्याने थोरल्याचं मनगट धरलं.

"दादा, नको उघडूस. तुझ्या पाया पडतो."

इतक्या वर्षांचं दुःख, एकदम कसं सोसवेल पोराला, असं थोरल्याला वाटलं. त्याने तो हात हळूच सोडवला आणि चष्मा पुसला. फोल्डर तिथेच होता. थोरल्याने तो उघडला.

आत एकच फाइल होती, नऊ वर्षांपूर्वीची. तिच्यात एक 'अ' होता, आणि त्याचीही उभी रेघ ओढायची राहिली होती.