शेवंताबाईंचे बूट

जिलेबीची कढई थंडावली, पुरणाचं यंत्र थांबलं आणि मंगल कार्यालयाचा अख्खा मुदपाकखाना गप्प झाला. इथल्या कुठल्याच यंत्राला वायर नव्हती. चाकांवरून ढकलत न्याल तिथे खालची फरशीच त्यांना वीज द्यायची. मात्र माणसाचं उघडं अंग टेकलं, की झटका बसू नये म्हणून फरशी वीज तोडायची.

"शेवंताबाई, पुन्हा अनवाणी?" व्यवस्थापक रेवण ओरडला. नैवेद्य रांधताना त्या बूट काढायच्याच, ओरडा ऐकला की पुन्हा चढवायच्या, आणि दर लग्नात हा खोळंबा व्हायचा. बाहेर पंगत बसली होती. रेवणने सवयीने भिंतीवरचं 'दुर्लक्ष करा' हे बटण दाबलं. यंत्रं पुन्हा घरघरू लागली.

"आज घातलेत," ओट्यामागून शेवंताबाई फणकारल्या. "काल एवढं बोललास ना!" त्यांनी पाय वर करून रबरी बूट दाखवला.

रेवणने भराभर सगळ्यांचे पाय पाहिले. प्रत्येकाच्या पायात बूट होते.

"भांडी विसळणारा उमाजी कुठाय?" कुणीतरी विचारलं.

रेवण वेड्यासारखा बटण दाबत सुटला, पण त्या बटणाने वीज फक्त सुरू व्हायची; ती तोडायला आता नवं उघडं अंगच टेकायला हवं होतं.

शेवंताबाईंनी दोन्ही बूट भिरकावले आणि तळवे फरशीवर घट्ट रोवले. सगळं थांबलं. त्या शांततेत वाफेच्या पेटीमागून कुणीतरी कण्हलं.

"मी इथून पाय उचलत नाही," त्या म्हणाल्या. "जा, त्याला उचला."