करंगळीशेजारचं बोट

बाळ निजलं की प्रणालीचं काम सुरू व्हायचं. परळच्या चाळीतल्या खोलीत, भर दुपारी, ती लॅपटॉपवर कार्टूनमधला एक पोरगा घडवत होती. आज त्याचे हात पुरे करून द्यायचेच होते. बाळाच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं इवलं बोट बघून तिनं एकच बोट घडवलं, त्याच्याच कॉपी लावून डावा हात केला आणि तोच आरशासारखा उलटवून उजवा.

उजव्या हाताला करंगळीशेजारचं बोट नव्हतं.

तिनं पुन्हा उलटवला. पुन्हा तेच.

चहा घेऊन आलेल्या सासूबाई मागेच थबकल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"अगो, हो तर ह्यांचो हात! संपाच्या आधी मिलच्या साच्यात ह्यांचा बोट गेला नाय काय, तसोच."

"काहीतरीच काय आई! मशीन आहे, चुकतं कधीकधी. थांबा, आत्ता देते बोट."

बाळावरून घडवलेलं बोट तिनं कॉपी केलं आणि त्या रिकाम्या जागी नेटकं बसवलं. हात पुरा झाला.

"दिलास गो बाय त्यांका," सासूबाई समाधानानं म्हणाल्या.

पाळणा हलला. प्रणाली हसत वाकली. बाळानं रोजच्यासारखं तिचं बोट उजव्या मुठीत घट्ट धरलं.

अंगठा. तर्जनी. मधलं बोट. करंगळी.