उंडीखालचा दिवा

"सूनबाय, होड्या दर्यात हायत तवर उंडीखालचा दिवा चुकवू नको," असं सासूबाई मरताना म्हणाल्या होत्या. केसरने ते व्रतासारखं पाळलं.

आगबोटीच्या धक्क्याला जागा हवी म्हणून गावकीने किनाऱ्यावरचं ते जुनं उंडीचं झाड तोडलं. पहिला घाव केसरच्या नवऱ्याने, कान्हाने घातला.

"आता दिवा कुठं लावशील गं?" दुसऱ्या दिवशी होडीत चढताना त्याने तिला चिडवलं.

"तोडलेल्या बुंध्यावर लावीन. तुमी येळेवर या म्हंजे झालं."

"लाव तर. तुझा दिवा बघूनच घरी येतो."

दुपारी अवचित वादळ उठलं. कान्हाच्या सोबत गेलेल्या भिकूची होडी तेवढी कशीबशी परतली. तो वाळूतच बसला आणि रडू लागला.

"वयनी, उंडी समोर धरूनच तर आपण खडकांतनं खाडीत शिरतो. कान्हा सारखा वरडत व्हता, 'उंडी बघा रे, उंडी कुठं हाय?' आन् आमीबी उंडीच शोधत व्हतो. आपणच तोडलीय, ह्ये कुनाच्या ध्यानातच न्हाय आलं! कान्हाची होडी खडकावर गेली, वयनी!"




तिन्हीसांजेला तिने उंडीच्या बियांचं उरलेलं तेल पणतीत ओतलं, ज्योत पदराआड धरली आणि ती बुंध्याकडे निघाली.